मुराळ्याचे तीन गोल

माझ्या भावाचं, बारकूचं नाव निघालं की शहापूरची माणसं अजून सांगतात, त्यानं मुरबाडवर तीन गोल कसे मारले. ज्यांनी बघितलं नाय ते जास्त सांगतात. कोण म्हणतं त्याच्या काठीला मंतर घातला होता, कोण म्हणतं मुरबाडचा गोलकीपर फितूर झाला. फितूर कसला डोंबलाचा? तो गोलकीपर म्हणजे आमचे घरधनी. आणि त्या खेळाच्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता, हे त्या गप्पा ठोकणाऱ्यांना कुठं ठाऊक हाय? मी बांधावरच्या आंब्याखाली बसून सगळं बघितलं. म्हणून मी सांगते ते ऐका.

सदतीस सालचा पौष होता. भात झोडून झालं होतं, शेतं मोकळी पडली होती. आदल्या पावसाळ्यात आपल्या देशाच्या पोरांनी जर्मनीत जाऊन तिथल्या गोऱ्यांना हॉकीत लोळवलं, आणि ती बातमी इकडं आल्यापासून ज्याला त्याला हॉकीचं येड लागलं. ज्यांना विकतच्या काठ्या मिळाल्या नाय त्यांनी झाडाच्या वाकड्या फांद्या तासल्या. मग कल्याणच्या कोणा हौशी मंडळींनी गावागावांचे सामने लावले. आमच्या भागातून शहापूर आणि मुरबाड बरोबरीला आले. पुढं कल्याणला तर एकालाच जायचं. मग ठरलं, एक जादा सामना खेळवायचा, म्हशाच्या जत्रेच्या तोंडावर, मुरबाडच्या शेतात. जिंकेल तो पुढं जाईल, हरेल तो घरी बसेल.

मी शहापूरजवळच्या सापगावची, मुरबाडला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणाला शिकवायला लागत नाय. त्यात माझी आय गुणाबाई म्हणजे सापगावची सुईण. आडवं आलेलं पोर पोटावरून हात फिरवून सरळ करायची. पण माझ्या सासऱ्याच्या डोक्यात राग बसलेला. कशाचा, तर लग्नात व्याहीभेटीच्या वेळी माझ्या बापानं गडबडीत सासऱ्याच्या धाकट्या भावाला आधी फेटा बांधला आणि सासऱ्याला मागून. झालं. माणूस मेला तरी विसरायचा नाय असला अपमान. माझा बाप त्यानंतर वर्षाच्या आत गेला, तरी सासरा फेटा धरूनच बसला होता.

त्या घरात राग धरला म्हणजे काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. शकू माझी थोरली जाऊ. तिला दिवस गेले तेव्हा टोकावड्याहून तिचा भाऊ मुराळी होऊन आला. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो त्याला आमी मुराळी म्हणतो. सासरा म्हणाला, नांगरणी होऊ दे. तो गेला आणि परत आला. सासरा म्हणाला, लावणी होऊ दे. तिसऱ्या खेपेला आला तेव्हा पडवीत मान खाली घालून बसला, दिला तो चहा प्यायला, सगळ्यांच्या पाया पडला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. भला माणूस होता. फारच भला. मग शकू मागच्या खोलीत दोन दिवस ओरडत होती आणि माझी सासू धोंडीबाई चुलीपाशी बसून म्हणत होती, आमी काय बाळंत झालो नाय, एवढं घर डोक्यावर कशाला घ्यायचं? सुईणीला बोलवायला माणूस गेला तेव्हा शकूचा आवाज बंद झाला होता. मायलेकरांना एकाच लुगड्यात गुंडाळून नेलं.

तेव्हापासून माझ्या पोटात पोराच्या शेजारी भीती पण वाढत होती. मला त्या मागच्या खोलीत मरायचं नव्हतं. साधी गोष्ट होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी बारकू गाडी घेऊन आला. शहापूरचा बाकीचा संघ दुसऱ्या दिवशी मोटारीनं येणार होता, पण हा मुराळी पण होता ना, म्हणून बैलगाडी. आत पेंढा घालून वर गोधडी अंथरून आणली होती, मला हादरे बसू नयेत म्हणून. माझा भाऊ तेव्हा एकोणीसचा असेल. काटकुळा, काळा, बोलायला लाजणारा. लहानपणापासून म्हशी राखताना बांबूच्या गड्ड्याचा चेंडू आणि वाकडी काठी घेऊन धसकटातून पळायचा. भाताच्या धसकटावर चेंडू कुठं उडतो आणि कुठं मरतो ते त्याच्या अंगात भिनलं होतं. शहापूरच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांनी त्याला तसं पळताना बघून संघात घेतलं. पण घेतलं म्हणजे बाजूला बसवलं. आजवर एका सामन्यात पण खेळवलं नव्हतं. आता पुढचा मधला गडी तापानं आडवा झाला आणि मास्तरांना बारकूशिवाय इलाज राहिला नाय.

संध्याकाळी पडवीत बारकू सासऱ्याला हात जोडून म्हणाला, "मामा, बायला न्यायला आलो हाय. आयनं पाठवलंय."

सासऱ्यानं चिलमीचा झुरका घेतला, त्याच्याकडं बघितलं पण नाय. "उद्या तुमचा खेळ हाय ना? होऊ दे. आमच्या देवजीच्या समोर खेळणार तू. माणूस खेळात कसा वागतो त्यावरून समजतं, आपली सून त्याच्या हवाली करावी का नाय."

देवजी म्हणजे आमचे घरधनी. एवढंच बोलला. न समजायला बारकू काय दूधखुळा नव्हता, आणि मी पण नव्हते.

सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते तिथं तो आला. हळूच म्हणाला, "बाय, आयनं मला शपथ घातली हाय. काय पण झालं तरी दाजींच्या अंगाला काठी लागू द्यायची नाय. बहिणीचा नवरा म्हणजे आपल्याला देव."

"आणि खेळ?" मी विचारलं.

"खेळाचं काय, होईल तसा होईल." पण हे म्हणताना तो जमिनीकडं बघत होता. पहिल्यांदा खेळायला मिळणार म्हणून रात्रभर त्याला झोप नव्हती, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मी म्हणाले, बरं. खोटं कशाला बोलू? मला जगायचं होतं.

दुपार कलली तशी माणसं जमली. जत्रेला बैल घेऊन निघालेले पण थांबले. शेताच्या चारी बाजूंचे बांध माणसांनी भरले, बाया एका बाजूला आंब्याखाली. धसकटं विळ्यानं खरवडून काढली होती तरी मधेमधे राहिलेलीच. दोन टोकांना दोन-दोन बांबू रोवलेले, तो गोल. त्याच्या पुढं चुन्याची अर्धी गोल रेघ. त्या रेघेच्या आत येऊन मारला तरच गोल धरायचा, असा नियम. पंच म्हणून कल्याणहून एक टोपीवाला साहेब आणला होता, त्याला मराठी येत नव्हती, म्हणजे कोणाच्या शिव्या त्याला लागणार नव्हत्या.

आमचे घरधनी पायांना गोणपाट गुंडाळून, सुतळीनं बांधून बांबूंच्या मधे उभे राहिले. उंच, रुंद गडी. मुरबाडची भिंत म्हणायचे त्यांना. बापाच्या पुढं मात्र ही भिंत वाकायची. बोलायला लागले की बाप नुसता खाकरला तरी गप. वाईट माणूस नव्हते, पण घरात त्यांच्या चांगुलपणाचा मला काय उपयोग होता? शकू ओरडत होती तेव्हा अंगणात येरझाऱ्या घालत होते. नुसत्या येरझाऱ्या.

खेळ सुरू झाला. दोन्हीकडचा एक-एक गडी समोरासमोर उभा राहतो, काठ्या तीनदा एकमेकींवर आपटतात आणि मग चेंडू ओढायचा. बारकूनं तो असा ओढला की समोरचा नुसता बघत राहिला. माझ्या शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. चेंडू काठीला चिकटल्यासारखा पळत होता पोरगा. एकाला हुलकावणी, दुसऱ्याला हुलकावणी, चुन्याच्या रेघेच्या आत शिरला. समोर घरधनी. आणि तिथं बारकूनं काय करावं? गोलावर मारायचं सोडून चेंडू बाजूला ढकलला, दुसऱ्या गड्याकडं, जो अजून पोचलाच नव्हता.

एकदा झालं तर माणूस म्हणेल चुकला. पण परत तेच. आणि परत तेच. रेघेपर्यंत वाघ आणि रेघेच्या आत शेळी. शहापूरची माणसं ओरडायला लागली. ड्रिल मास्तर बांधावरून हात वर करून विचारत होते, मार, मारत का नाहीस? मुरबाडनं ह्या गोंधळात एक गोल करून घेतला. माझा सासरा बांबूंच्या मागं उपरणं टाकून बसला होता, तो मिशीतल्या मिशीत हसत होता.

मग झाला तो प्रकार. आता लोक हसून सांगतात, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. गर्दीत कोणाची तरी काठी बारकूच्या काठीवर आपटली, चेंडू सुटला आणि सणसणत जाऊन घरधन्यांच्या उघड्या अंगठ्यावर बसला. ते कळवळले. बारकूनं काय करावं? हातातली काठी टाकली, दोन पावलं पुढं झाला आणि भर खेळात वाकून दाजींच्या पायाला हात लावला, मग तो हात कपाळाला. आपल्यात पाय लागला, काठी लागली की करतात तसं. त्याचा हात आपोआप गेला हो. आणि साहेबानं शिट्टी वाजवली नव्हती. चेंडू मुरबाडच्या पोरांनी ओढला, पळवला आणि तिकडं दुसरा गोल झाला, तेव्हा आमचा बारकू इकडं वाकलेलाच.

अख्खं शेत हसलं. बैलवाले, पोरंसोरं, बाया. सासरा मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा, सापगावच्या माणसांना जागा कळते आपली. शहाणा हाय मुराळी."

घरधनी हसले नाय. ते खाली आपल्या अंगठ्याकडं बघत उभे राहिले.

मधली सुट्टी झाली. दोन विरुद्ध शून्य. मला खरं तर खूश व्हायला पायजे होतं. सासऱ्याची कळी खुलली होती, आता तो मला पाठवणार होता. पण माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. शहापूरची पोरं बारकूच्या जवळ बसत नव्हती. मास्तर त्याला काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण हात कसे हलत होते ते दिसत होतं. मी पाण्याची कळशी उचलली, गुळाचा खडा घेतला आणि बाया नको नको म्हणत असताना त्या पुरुषांच्या गर्दीतून पोट सांभाळत गेले. मुराळ्याला पाणी द्यायला बहीण गेली, कोण काय बोलणार?

तो एकटाच पाय पसरून बसला होता. पायांना धसकटं लागून रक्त आलं होतं.

"मास्तर मला बाहेर काढतायत," तो म्हणाला. "मुरबाडकडून काय घेतलंस विचारतात."

"बरोबर विचारतात. मी पण तेच विचारलं असतं."

"बाय, तुला पाठवतील ना पण? मामा हसत होते."

त्याच्या तोंडाकडं बघून मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. "बारक्या, आज हसतोय तो उद्या रडवणार नाय कशावरून? शकूचा भाऊ पण असाच वाकला होता. तीनदा वाकला. पाया पडून पडून त्याच्या कपाळाला माती लागली. काय मिळालं त्याला? मान राखून त्या घरातून कोण जितं बाहेर पडलंय?"

"पण आयची शपथ..."

"आयला मी सांगेन. तू खेळ. त्यांनी पाठवलं नाय तर मग मी बघते काय ते."

"काय बघशील तू?"

"ते मला पण माहीत नाय. पण तू आता वाकलास तर मी तुझ्या गाडीत बसणार नाय. हरलेल्या भावाबरोबर आले म्हणून जन्मभर ऐकायची माझी तयारी नाय." हे मी रागात बोलले. खरं तर मी रांगत पण गेले असते. पण तसं बोलल्याशिवाय तो उठला नसता.

त्यानं गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि मास्तरांकडं गेला. काय बोलला कोण जाणे.  मग मास्तरांनी होकाराची मान हलवली.

मी परत आंब्याखाली येऊन बसले तेव्हा सासू धोंडीबाई फणकारली, "भावाला काय शिकवून आलीस गो?"

"पाणी पाजून आले," मी म्हणाले.

पुढचा खेळ ज्यांनी बघितला ते भाग्याचे. काठ्या तीनदा आपटल्या आणि बारकू सुटला. मघाचाच पोरगा, तीच काठी, पण आता रेघ आली तरी थांबला नाय. डावीकडं झुकला, आमचे घरधनी डावीकडं पडले, आणि चेंडू उजव्या बांबूला घासून आत.  शहापूरच्या माणसांना आधी वाटलं पंच काय तरी खोट काढेल. साहेबानं शिट्टी वाजवून हात मधे दाखवला, तेव्हा कुठं आरोळी उठली. एक गोल.

सासऱ्याचं हसू गेलं. तो उठून बांबूंच्या अगदी मागं येऊन उभा राहिला.

मुरबाडच्या पोरांनी मग बारकूला घेरलं. काठ्या पोटऱ्यांवर बसत होत्या, चेंडूवर कमी आणि हाडांवर जास्त. एकदा तो पालथा पडला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तो उठून पळत होता. एका उरलेल्या धसकटावर चेंडू टप्पा खाऊन उडाला. सगळे पुढं गेले, हा एकटा अर्धं पाऊल मागं थांबला. म्हशींच्या मागं पळून शिकलेली विद्या ती. चेंडू आपसूक त्याच्यापाशी आला. घरधनी बांबू सोडून पुढं धावले, हात पसरून. बारकूनं काठी नुसती खालून लावली, सूप पाखडताना मनगट फिरवतात तशी, आणि चेंडू त्यांच्या हाताखालून गेला. बरोबरी.

आता कोणाला बसवत नव्हतं. सूर्य खाली आला होता, साहेब सारखं घड्याळ बघत होता. माझ्या पोटात पोर पण लाथा मारत होतं. मी देवाला काय मागावं तेच मला समजत नव्हतं. बारकू जिंकावा म्हणू तर माझी वाट बंद होते. हरावा म्हणू तर तोंडातून शब्द निघत नव्हता. मी नुसती आंब्याच्या बुंध्याला धरून उभी राहिले.

शेवटचा चेंडू बारकूला मिळाला तो जवळजवळ अर्ध्या शेतावर. दोघं अंगावर आले, त्यांच्या मधून गेला. तिसऱ्यानं काठी आडवी घातली, तिच्यावरून उडी मारली. रेघेच्या आत. समोर घरधनी एकटे. आणि त्यांच्या मागून सासरा ओरडला, "देवजी, पाय घाल चेंडूपुढं! पाय घाल! मेहुणा हाय, मारायचा नाय तो!"

त्यांनी पाय घातला. गोणपाटाचा नाय, उघडा घोटा चेंडूसमोर ठेवला. बारकूची काठी मागं गेलेली, ती तिथंच अडकली. किती वेळ? डोळ्याचं पातं लवेल एवढाच. पण मला दिसलं, त्याची मान खाली जायला लागली होती.

मग मी काय केलं ते माझं मला कळलं नाय. अख्ख्या मुरबाडासमोर, सासूच्या शेजारी उभी राहून, पदर खांद्यावरून घसरलेला, मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बारकू, हान!"

त्यानं हाणला. चेंडू घरधन्यांच्या घोट्यावर आपटला, हाड वाजलं ते आंब्यापर्यंत ऐकू आलं, आणि तिथून घसरून बांबूंच्या आत गेला. घरधनी खाली बसले. बारकू काठी हातात घट्ट धरून उभा राहिला. तो वाकला नाय. साहेबानं शिट्टी वाजवली, आणि जरा वेळानं परत लांब शिट्टी वाजवली. खेळ संपला.

शहापूरच्या पोरांनी बारकूला खांद्यावर घेतलं. इकडं माझ्या भोवतालच्या बाया अशा बाजूला सरकल्या, जशा काय मला देवीच्या फोडी आल्या असाव्यात.  

गाडी शेताच्या कडेला सोडलेली होती. सासरा तिथं आधी जाऊन उभा राहिला. चार माणसं गोळा झाली होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुराळ्यानं आला तसं जावं. आमची सून येणार नाय. ज्यानं दाजीचा पाय मोडला त्याच्या घरी आमचं पोर जन्माला यायचं नाय. आणि जी बाई नवऱ्याचा पाय मोडायला सांगते तिचं काय करायचं ते आमी घरी बघू."

बारकूनं खांद्यावरून उतरून माझ्याकडं बघितलं. आता काय बघशील, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.  घरी बघू म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. ती मागची खोली डोळ्यांसमोर आली. मग मी चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला, दांड्याला धरलं आणि गाडीत चढून पेंढ्यावर बसले. अंगावरच्या लुगड्यानिशी. कोणाची परवानगी नाय, कोणाच्या पाया पडणं नाय, ओटी नाय, कुंकू नाय. अशी बाई आमच्याकडं गेली की तिला परत घेत नायत. ते पण मला ठाऊक होतं.

"खाली उतर," सासरा म्हणाला.

मी उतरले नाय. दांड्याला धरून बसून राहिले. 

तेवढ्यात गर्दी फाकली आणि घरधनी लंगडत आले. घोटा वांग्याएवढा सुजला होता. मला वाटलं आता हे माझा दंड धरून खाली ओढणार. लोकांना पण तेच वाटलं. बारकू पुढं झाला आणि आता मात्र वाकला, दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरायला. त्यांनी त्याला खांद्याला धरून उभा केला.

"मघाशी वाकलास तेव्हा आमचा एक गोल झाला," ते म्हणाले. "तो मी धरत नाय. मला लाज वाटली त्याची. तीन-एक झाले."

मग जू उचललं आणि एका पायावर तोल सांभाळत बैलाच्या मानेवर ठेवायला लागले.

"देवजी!" सासरा खाकरला, आणि मग नुसतं खाकरून भागलं नाय म्हणून ओरडला. "काय चाललंय हे?"

घरधन्यांनी मागं बघितलं नाय. दोन वर्षांत त्यांना बापाला उलट बोलताना मी ऐकलंच नव्हतं. "बाबा, तीन गोल नाय आडवता आले मला. गाडी कशी आडवू?"

कोणी तरी हसलं.

"गाडी हलली तर तू पण घरी येऊ नको," सासरा म्हणाला.

घरधन्यांनी जुवाची दोरी आवळली.  मग आपल्या सुजलेल्या पायाकडं बघून म्हणाले, "चालत तरी कुठं येणार?" आणि मागनं हात टेकून गाडीत चढले, माझ्या शेजारी पेंढ्यावर बसले. जावई माणूस, बायकोच्या बाळंतपणाला तिच्याबरोबर सासुरवाडीला निघाला. असलं येड्यासारखं काम मुरबाडात तोवर कोणी केलं नव्हतं. बारकूनं बैल हाकले. गाडी किन्हवलीच्या वाटेला लागली. मग मी रडले ते किती वेळ रडले काय ठाऊक. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण हा माणूस माझा हाय असं मला त्या गाडीत पहिल्यांदा वाटलं.

आयनं त्यांचा पाय महिनाभर शेकला आणि बारकूला शपथ मोडल्याबद्दल शिव्या घातल्या. कल्याणच्या सामन्यात बारकू परत खेळला, त्याची गोष्ट शहापूरवाले सांगतील तुम्हाला, मी बघितलेली नाय.

चैत्रात माझे दिवस भरले. पोर आडवं होतं. पहाटेपासून कळा येत होत्या आणि सूर्य डोक्यावर आला तरी सुटका नव्हती. आय पोटावर तेल चोळून पोर वळवायला बघत होती. दाराबाहेर घरधन्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या, लंगड्या पायाचा आवाज मला मोजता येत होता. मी शकूसारखीच ओरडले. एकदा तर मला शकूच दिसली. मग आयचे हात कुठं तरी वळले, मला फाडल्यासारखं झालं, आणि त्या खोलीत माझ्यापेक्षा बारीक आवाजात कोणी तरी रडायला लागलं.

 मग आय हात पुसत दारापर्यंत गेली. बाहेरच्या येरझाऱ्या थांबल्या.

"मायलेकी दोघी जित्या हायत," आय म्हणाली.

 जावईबापू अंगणात खाली बसलेत आणि उठत नायत, म्हणून बारकू त्यांना पाणी द्यायला गेला.